शिवेचे साक्षीदार

शिवेचा तंटा सोडवायचा असेल तर तो ज्येष्ठात सोडवावा, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटलं आहे. कारण धार्मिक नाही, शेतीतलं आहे. ज्येष्ठात गवत वाळलेलं असतं, पिकं उठलेली असतात, बांध उघडे पडलेले असतात आणि खुणा लांबून दिसतात. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या पटवाऱ्याचं वेळापत्रक आजही तेच आहे. गहू-हरभरा घरी आला की सीमांकनाचे अर्ज तहसिलीत पडू लागतात आणि मृगाची पेरणी लागेपर्यंत जेवढे धुरे मोजून होतील तेवढे होतात. उभ्या पिकात जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढता येत नाही. एकदा पाऊस लागला की मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भांडत बसा.

त्याच अध्यायात शिवेच्या खुणांची यादी आहे. वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं शिवेवर लावावीत. पण झाड तोडता येतं, म्हणून लपवलेल्या खुणाही हव्यात: जमिनीखाली पुरलेले दगड, हाडं, गाईचे केस, तूस, राख, खापऱ्या, वाळलेलं शेण, विटा, कोळसे, वाळू. थोडक्यात, लवकर न कुजणारं आणि त्या मातीत आपोआप न सापडणारं काहीही. आजचा पटवारी जुना चांदा, म्हणजे शिवेचा पक्का दगड, शोधायला कुदळ मारतो तेव्हा त्याच तत्त्वावर मारतो. वरचा दगड कोणी रातोरात सरकवला असेल, पण खालचा पाया तिथेच राहिला असणार.

एवढं करूनही निकाल लागेना तर साक्षीदार बोलवायचे. त्यांनी माळा घालून, तांबडी वस्त्रं नेसून, डोक्यावर माती घेऊन शीव सांगायची. शेजारच्या गावांत जाणता माणूस उरला नसेल तर कोणाला विचारायचं? पारधी, पाखरं धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळं खणणारे, साप पकडणारे, रानात हिंडून पोट भरणारे. ज्यांना एरवी गावाबाहेर ठेवायचं, त्यांनाच शिवेच्या प्रश्नावर मध्ये बसवायचं. ग्रंथकर्त्याला त्यात विसंगती वाटलेली दिसत नाही. गावाची हद्द कुठे संपते हे तिच्याबाहेर राहणाऱ्यालाच नीट माहीत असतं, एवढं तो जाणून होता.

पाखरं धरणाऱ्याची साक्ष ही नुसती पुराणातली गोष्ट नाही. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर १८७० च्या दशकात सरकारी आयुक्तांसमोर अशा साक्षी झाल्या आणि त्या लिहूनही ठेवल्या गेल्या. तिथला मौना केआ हा डोंगर समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटर उंच. त्याचा माथा काओहे या मुलखाचा की शेजारच्या हुमुउलाचा, असा प्रश्न होता. त्या उंचीवर शेत नाही, घर नाही, बांध नाही. मात्र उआऊ नावाचा पक्षी तिथे आहे. तो समुद्रावर मासे मारतो आणि डोंगरात बिळं करून राहतो. तो धरण्याचा हक्क फक्त काओहेवाल्यांचा. त्यामुळे काओहे कुठपर्यंत, हे तिथला पारधीच सांगू शकत होता. सर्वेक्षक कर्टिस लायन्स याने १८७५ मध्ये जमिनींवर लेख लिहिला, त्यात मौना केआचा मुख्य भाग काओहेचा असल्याचं सांगताना आधार म्हणून या पक्ष्याच्या हक्काकडेच बोट दाखवलं आहे.

हवाईत ही वेळ का आली, हे थोडक्यात सांगायला हवं. तिथले मुलूख डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत लांबट पट्ट्यांत विभागलेले होते. प्रत्येक पट्ट्यात वरचं जंगल, मधली शेती आणि खालची मासेमारी यांतलं थोडं थोडं यावं अशी रचना. १८४८ मध्ये तिसऱ्या कामेहामेहा राजाने आपल्या जमिनी दोनशेहून अधिक सरदारांशी वाटून घेतल्या. नोंदवहीत मुलखाचं नाव लिहिलं आणि वाटणी झाली. नकाशा नाही, मोजणी नाही. नाव सांगितलं की हद्द सगळ्यांना ठाऊक, असा तो हिशेब होता. पुढे जमिनी विकल्या जाऊ लागल्या, घेणारे परके होते, आणि त्यांना नाव पुरेना. म्हणून १८६२ मध्ये हद्द ठरवणारे आयुक्त नेमण्याचा कायदा झाला. म्हातारे साक्षीदार हवाई भाषेत शीव सांगत, कारकून ती पुष्कळदा इंग्रजीत उतरवून घेत. वय विचारलं तर आकडा येत नसे. अमुक राजा वारला तेव्हा मी इतका होतो, असं उत्तर येई.

आता सातपुड्याकडे यायला हरकत नाही, कारण त्याच दशकांत इथेही तेच चाललं होतं. फरक असा की इथे पाहिजे तेवढे कागद होते. फक्त त्यांत शीव नव्हती.

देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. भोसल्यांची जमाबंदी गावावर बसे. पटेलाशी गावाचा आकडा ठरे आणि तो कास्तकारांवर वाटून वसूल करणं पटेलाचं काम. एवढ्या कारभाराला किती माणसं, किती औतं, किती काळी आणि किती बरडी जमीन, हे कळलं तरी पुरे. गावाची बाहेरची रेष नक्की कुठून जाते हे दफ्तरात असण्याची गरजच नव्हती. दोन गावांच्या मध्ये पडीत रान असे, दोन्हीकडची गुरं तिथे चरत, आणि तंटा झालाच तर पंच बसत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने अज्ञान राजाच्या नावाने कारभार चालवला आणि १८२७ मध्ये नागपूरच्या मुलखाचा जाडजूड अहवाल लिहिला. पिकं, जाती, कर, नाणी सगळं त्याने टिपलं, पण वसुलीचा पाया गाव हाच ठेवला.

मोजणी मात्र या भागाच्या जवळूनच गेली होती. विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून त्रिकोण मांडत मांडत आला आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टने वऱ्हाडातून उत्तरेला नेलं. पृथ्वीच्या गोलाईचा एवढा बारीक हिशेब झाला, पण पांढुर्ण्यातल्या एखाद्या कास्तकाराचा धुरा कुठे आहे, हे त्यातून कळणार नव्हतं. तो प्रश्नच वेगळा होता.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ च्या नोव्हेंबरात मध्य प्रांत जन्माला आला. छिंदवाडा जिल्ह्याचे वरघाट आणि खालघाट असे दोन भाग सिल्लेवानीच्या घाटाने पडतात. त्यातला घाटाखालचा, नागपूरच्या मैदानाला लागलेला मराठी भाग म्हणजे सौंसर तहसील; पांढुर्णा तेव्हा तिच्यातच होतं. रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना, १८६० च्या दशकात, जिल्ह्याजिल्ह्यात शेतसारा ठरवणारे ३० वर्षांचे बंदोबस्त झाले. त्यातला सगळ्यात मोठा बदल हा की काल-परवापर्यंत वसुलीचा ठेका घेणारा मालगुजार आता गावाचा मालक ठरला. काही जुन्या कब्जेदारांना आपापल्या वावरापुरती मालकी मिळाली, त्यांना मालिक-मकबुजा म्हणत. बाकीचे कुळं झाले.

मालकी म्हटली की ती गहाण टाकता येते, विकता येते, वारसांत वाटता येते. मग गावाच्या शिवेला पहिल्यांदा बाजारभाव येतो. त्यात नेमका काळ कसा होता ते पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस बंद झाला आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. दोन गावांमधली जी काळी जमीन काल गुरांच्या पायाखाली होती, तिच्यात औत घालावंसं वाटू लागलं. तेच युद्ध हवाईतही पोचलं होतं: अमेरिकेच्या दक्षिणेकडची साखर बंद झाल्यामुळे हवाईच्या उसाचे मळे फोफावले. एकाच लढाईने जगाच्या दोन टोकांना पडीत रानाची किंमत वाढवली, आणि दोन्हीकडे सरकारला एकाच वेळी विचारावं लागलं, की बाबांनो, तुमची हद्द नेमकी कुठे आहे?

ते ठरवायची पद्धत सोपी दिसते, पण फार वेळखाऊ. लगतच्या दोन गावांचे पटेल-मालगुजार, जुने कास्तकार आणि चौकीदार यांना घेऊन शिवेवरून चालायचं. जिथे दोघांचं एकमत, तिथे लगेच खूण. जिथे वाद, तिथे पंच. पंचांनाही जमलं नाही तर बंदोबस्ताचा अधिकारी. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ती जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण ती हलली तर तीन नकाशे चुकतात. तिथे पक्का चांदा किंवा चुन्या-दगडाचा मुनारा. पुढे १८८१ च्या जमीन महसूल कायद्याने या खुणा जपणं ही जबाबदारीच केली.

शिवेवरून चालताना मानाने सगळ्यांत वर पटेल असे, पण बोट कोण दाखवी? मराठी मुलखात बहुतेक गावी गावचा महार. रात्री पहारा, सरकारी टपाल, वाटाड्याचं काम आणि शिवेची राखण ही त्याची वतनी कामं. परगावच्या माणसाला तो शिवेपर्यंत पोचवी आणि तिथून पुढच्या गावचा महार त्याला घेऊन जाई. म्हणजे शीव त्याच्या पायाखालची. पेशवाईतल्या शिवेच्या तंट्यांचे जे महजर (निवाडपत्रं) उपलब्ध आहेत, त्यांत पाटील-कुळकर्ण्यांबरोबर महारांच्या साक्षी येतात. कागदाने निकाल लागला नाही तर दिव्यही होई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात असे निवाडे गोळा केले आहेत. मध्य प्रांतात रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये जाती-जमातींवर ग्रंथ छापला. त्यातही गावच्या हद्दींबद्दल ज्याचा शब्द मानला जातो तो माणूस म्हणून महाराचीच नोंद आहे.

ज्याच्या सांगण्यावर दोन मालगुजारांची हजारो एकरांची हद्द ठरली, त्याला स्वतःला काय मिळालं? चाकरीपुरती थोडी जमीन आणि बलुतं. गावच्या विहिरीवर त्याला पाय ठेवता येत नव्हता. मनुस्मृतीने ज्ञान मान्य केलं आणि माणूस बाहेर ठेवला. बंदोबस्ताने साक्ष लिहून घेतली आणि मालकी दुसऱ्याच्या नावे चढवली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की हे वतन म्हणजे मान नव्हे, नाममात्र मोबदल्याची चाकरी आहे. मध्य प्रदेशात गावच्या राखणदाराचं कोटवार हे पद अजून आहे. सीमांकनाच्या वेळी पंचनाम्यावर त्याची सही असते.

हवाईचा हिशेब याहून वेगळा नाही. वाटणीनंतर सामान्य शेतकऱ्यांनीही कसत असलेल्या जमिनीवर दावे करावेत, असं ठरलं. दावा लेखी करायचा, साक्षीदार आणायचे, मोजणीचा खर्च भरायचा. आठ हजारांवर दावे मंजूर झाले आणि सगळ्यांना मिळून सुमारे २८,६०० एकर जमीन मिळाली. बेटांच्या एकूण जमिनीच्या एक टक्काही नाही. शीव माहीत असणं ही एक गोष्ट आणि कचेरीत ती सिद्ध करता येणं ही दुसरी. एकोणिसाव्या शतकातल्या जमिनीच्या इतिहासात दुसरी गोष्टच जिंकत आली आहे.

सातपुड्याच्या बाजूला आणखी एक रेष पडली आणि ती गावकऱ्यांना न विचारता पडली. गावाला लागवडीच्या प्रमाणात ठरावीक पडीत रान द्यायचं आणि उरलेलं सरकारी, असा मध्य प्रांतात नियम होता. दोन गावांमधलं, दोघांचंही असलेलं रान एका दिवसात तिसऱ्याचं झालं. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी त्यावर कुंपण घातलं. डोंगरातले गोंड आणि कोरकू झाडं तोडून, जाळून, राखेत बी पेरत. दोन-तीन वर्षांनी जागा बदलत. ज्यांची शेतीच फिरती, त्यांची शीव कोणत्या दगडाने दाखवणार? नोंदीच्या भाषेत त्यांच्याकडे जमीन नव्हतीच. घाटावरच्या जागीरदारांच्या मुलखात हे आणखी गुंतागुंतीचं झालं, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गावाची बाहेरची शीव एकदा ठरली की आत शिरायचं. हे काम जरिबेचं. गंटरची जरीब ६६ फुटांची, शंभर कड्यांची. तिचा हिशेब मोठा चतुर आहे: दहा चौरस जरिबा म्हणजे एक एकर, त्यामुळे शेतावर भागाकाराची कटकट नाही. एक जण पुढे टोक घेऊन चालतो, दुसरा मागे खिळा धरून बसतो, तिसरा मोजतो. कडी झिजते, वाकते, उन्हाने सुटते; वर्षभर वापरलेली जरीब नव्या जरिबेपेक्षा लांब भरते आणि तेवढं शेत कागदावर लहान दिसतं. सुरुवातीच्या बंदोबस्तात हे नकाशे कच्चेच होते. १८८० नंतर बॅम्फील्ड फुलर बंदोबस्त आयुक्त असताना पद्धत बदलली. गावाभोवतीचे पक्के बिंदू भारतीय सर्वेक्षण खात्याने बसवायचे आणि आतली शेतं पटवाऱ्याने भरायची. हाच फुलर पुढे बंगालच्या फाळणीच्या काळात पूर्व बंगालचा नायब गव्हर्नर झाला आणि तिथे फारच अप्रिय ठरला. मध्य प्रांतातलं त्याचं हे काम मात्र टिकलं. स्थानिक पटवाऱ्याच्या हातात नकाशा देण्याचा निर्णय स्वस्तही होता आणि शहाणपणाचाही.

नकाशाचं प्रमाण मैलाला सोळा इंच. म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ३३० फूट, पाच जरिबा. आता एक साधं गणित करून पाहा. शिसपेन्सिलीची रेष अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर या प्रमाणात ती जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंद होते. पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या बागेत दोन मीटरात झाडांची एक ओळ सहज उभी राहते किंवा मोडते. धुऱ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, तेव्हा दोघेही आपापल्या परीने खरं बोलत असतात. नकाशातली रेष दोघांच्याही बाजूने आहे, कारण ती दोघांच्या वावरांत थोडी थोडी सांडलेली आहे. हल्ली उपग्रहाशी जोडलेली रोव्हर यंत्रं आली आहेत आणि ती सेंटिमीटरपर्यंत मोजतात. पण मोजून ती ज्या जुन्या रेषेशी ताडायची, ती दोन मीटर जाडीचीच आहे. यंत्र अचूक, कागद ढोबळ. सीमांकनानंतर भांडणं वाढली असं लोक म्हणतात ते उगीच नाही.

आतल्या नोंदीत जमिनीची प्रतही लिहिली जाई: काळी, मोरंड, खरडी, बरडी. प्रत्येक तुकड्याला खसरा नंबर, त्यापुढे कब्जेदार, पीक, विहीर, झाडं. मालगुजाराची घरची शेती सीर म्हणून वेगळी. बंदोबस्ताच्या नोंदींची ही मिसल आजही लोक शोधत येतात, आणि ते जमिनीसाठीच येतात असं नाही. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो आणि पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली मिळते ती याच कागदात.

पश्चिमेला वरूड-मोर्शीकडे गेलं की सगळी परिभाषाच बदलते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८६१ पासून तिथे मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी सुरू झाली. तिथे मालगुजार नाही, सरकार आणि शेतकरी समोरासमोर. एकाच कुळाचे लोक, एकच बोली, एकच संत्रं-कापूस. पण शिवेच्या एका बाजूला मालगुजारी गाव आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हे नंबर. १९५१ च्या ३१ मार्चला मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी सौंसर छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलं. तेव्हापासून ज्यांची शेती दोन्हीकडे आहे त्यांना इकडे खसरा आणि बी-१, तिकडे सातबारा. इकडे पटवारी, तिकडे तलाठी. गुरचरणाची जमीन इकडे चरनोई, तिकडे ई-क्लास. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, मैहरबरोबरच. ही हद्द ठरवायला शिवेवरून कोणी चाललं नाही. त्याची गरजही नव्हती. तहसिलींची यादी राजपत्रात आली आणि काम झालं.

शिवेचा विषय निघाला की पांढुर्ण्याचा माणूस गोटमारीचं नाव घेतोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात आणि इकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव असे दगड चालतात. माणसं जखमी होतात, मेलीही आहेत, आणि बंदीचे प्रयत्न फसले आहेत. तिला शिवेच्या तंट्याचा अवशेष म्हणण्याचा मोह होतो. पण सांगितली जाते ती कथा पळवून नेलेल्या मुलीची आहे, जमिनीची नाही, आणि मोहाशिवाय दुसरा पुरावा नाही. तेव्हा तो दुवा इथेच सोडलेला बरा.

बंदोबस्ताने एक जागा मात्र न मोजता सोडली: आबादी. गावठाणाच्या सगळ्या घरांना मिळून एकच नंबर. आत कोणाचं अंगण कुठे संपतं, हे सरकारने विचारलं नाही, कारण घरांवर शेतसारा नव्हता. त्यामुळे दीडशे वर्षं घराची हद्द शेजाऱ्याच्या आठवणीवर चालली. घर होतं पण त्यावर बँक कर्ज देईना. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने आबादीचे नकाशे काढायला सुरुवात झाली. पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होता आणि हरदा जिल्ह्याचं काम देशात सगळ्यांत आधी पुरं झालं. या योजनेतही ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक घराभोवती चुन्याची फक्की मारावी लागते, आणि ती कुठे मारायची हे घरमालक आणि शेजारी उभे राहून सांगतात.

जुन्या बंदोबस्तातला सगळ्यांत दुर्लक्षित कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. त्यात रेषा नाहीत, वहिवाट आहे. कोणत्या नाल्यावर गुरं पाणी पितात, पांदण कोणाच्या वावरातून जाते, आखर कुठे, सरपण कोणत्या रानातून, मेलेलं जनावर कुठे टाकायचं, आंब्याच्या झाडाचं फळ कोणाचं. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेने हा कागद कलम २४२ मध्ये आणि गावाच्या सरपण-चराईच्या हक्कांचं निस्तार-पत्रक कलम २३४ मध्ये जिवंत ठेवलं. आज सगळ्यांत जास्त तंटे होतात ते रस्त्याचे. बागेवाल्याने पांदणीवर तारेचं कुंपण ओढलं की मागच्या चार वावरांतली संत्री बाहेर निघत नाहीत. नकाशात ती वाट असेलच असं नाही.

अशा वेळी त्याच संहितेचं कलम १३१ उपयोगी पडतं. वाट किंवा पाण्याचा वाद आला तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करायची, पूर्वीची वहिवाट काय होती ते पाहायचं आणि सगळ्यांची सोय लक्षात घेऊन निकाल द्यायचा, असं ते सांगतं. वहिवाट सांगायला साक्षीदार लागतो, आणि गावोगाव ते साक्षीदार आता थोडे उरले आहेत. तुमच्या गावात ऐंशीच्या पुढचा एखादा गुराखी, कोटवार किंवा कास्तकार असेल, तर या ज्येष्ठात त्याला शिवेवरून फिरवून आणा. तो दाखवेल ती पांदण, नाला, चांदा आणि झाड लिहून घ्या, चार जणांच्या सह्या घ्या, आणि गावच्या वाजिब-उल-अर्जच्या नकलेचा अर्जही त्याच आठवड्यात टाका.